धनुष्याच्या सीझनमधली गोळी

माझा नवरा रंगांधळा आहे. लाल आणि हिरवा त्याला एकच दिसतात, दोन्ही मातकट. तरुणपणी रेल्वेतली नोकरी मेडिकलमध्ये गेली ती त्यामुळेच, आणि ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी आठ वाजता त्याने मला जंगलातून फोन केला तोही त्यामुळेच. पानांवर पडलेलं रक्त त्याला दिसत नव्हतं.

"अगं, बाण लागला, पण मागे लागला," तो कुजबुजत म्हणाला. "पोटात. तू ये."

"मी? मी काय करू तिथे?"

"तू बघ. मी चालतो."

आमच्या घरात हा शिकारीचा उद्योग शिरला कसा, ते आधी सांगते. आम्ही ॲन आर्बरला राहतो. मी विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये काम करते, तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्याने त्याला एकदा धनुष्य हातात दिलं आणि आमचे हे वेडे झाले. कंपाउंड धनुष्य, कप्प्यांचं आणि दोऱ्यांचं, दिसायला अर्धी सायकल. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूस मागच्या अंगणात थर्माकोलच्या हरणावर बाण मारत बसला. मी नागपूरच्या अशा घरात वाढले, जिथे अंडं आणलं तर ते गच्चीवर स्टोव्ह नेऊन उकडायचं. पण इकडे येऊन चिकन मीच आधी खायला लागले, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. तरी मी बोललेच. माझा राग नाकावर असतो, हे सगळ्या मित्रमंडळींना माहीत आहे.

त्याचं एक मात्र होतं. नियम म्हणजे नियम. शिकारीच्या परवान्याचा क्लास केला तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्याने मला अख्खं नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं. धनुष्याच्या सीझनमध्ये हरीण मारायचं ते बाणानेच. जखमी होऊन समोर तडफडत असलं तरी बंदुकीने संपवायचं नाही. पिस्तूल बाळगायचं परमिट असेल, तर स्वतःच्या रक्षणासाठी कमरेला ठेवता येतं, पण हरणावर झाडायचं नाही. परमिट नसलेल्याने ते अंगावर किंवा पिशवीत लपवून न्यायचं नाही, नेलं तर तो वेगळा आणि मोठा गुन्हा.

"हा काय मूर्खपणा?" मी म्हणाले होते. "जनावर तडफडतंय, हातात पिस्तूल आहे, आणि झाडायचं नाही?"

"सूट दिली की लोक बंदुकीनेच मारतील आणि म्हणतील, जखमी होतं हो," तो म्हणाला. "आपल्याकडच्या लोकांना हे मी समजावून सांगायला पाहिजे का?"

त्याच्याकडे परमिट होतं. आमच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या तेव्हा त्याने पिस्तूल घेतलं, रीतसर शिकला, मलाही दोनदा रेंजवर नेऊन शिकवलं. परमिट त्याचं, माझं नाही. पण जंगलात तो ते कधीही न्यायचा नाही. जवळ असलं की हात जातो, म्हणायचा. कपाटातल्या लोखंडी पेटीत ते पडून असायचं. पेटीचा नंबर आमच्या लग्नाची तारीख.

आणि त्या ऑक्टोबरात तर तो जास्तच जपून होता. एकोणीस वर्षांनी आमचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू लागला होता. दोघांचा एकाच दिवशी, सात आठवड्यांनी. दोन व्हिसा, एक नोकरी गेलेली, ग्रीन कार्डाची अकरा वर्षांची रांग, वडील गेले तेव्हा कागद अडकले म्हणून त्याला जाता आलं नव्हतं, हे सगळं त्या एका तारखेवर येऊन थांबलं होतं. पत्र आल्यापासून तो हायवेवर लिमिटच्या पाच मैल कमी चालवायचा. मागचे लोक हॉर्न मारायचे. "आता नखालासुद्धा डाग नको," म्हणायचा.

तर फोन आला आणि मी निघायची तयारी केली. आता आमची तयारी म्हणजे काय, ते मराठी बायकांना सांगायला नको. डबा घेतला, पोळ्या आणि बटाट्याची भाजी. थर्मासमध्ये चहा. बँडेज, जादा मोजे, टॉर्च, टॉयलेट पेपर, सेफ्टी पिना. घराबाहेर पडताना पिशवीत लागेल न लागेल ते कोंबायचं आणि म्हणायचं, असू दे जवळ. माझी आई पोस्टात जातानासुद्धा पाण्याची बाटली आणि लिमलेटच्या गोळ्या घेऊन जायची. त्या भागात कोयोटी, म्हणजे इकडचे लांडग्यासारखे कोल्हे, फार, रक्ताच्या वासाला येतात, असं त्यानेच मला एकदा सांगितलं होतं. मी कपाट उघडलं. लग्नाची तारीख फिरवली आणि पिस्तूल एका नॅपकिनमध्ये गुंडाळून डब्याशेजारी ठेवलं. असू दे जवळ. खरं सांगते, कायदा त्या क्षणी माझ्या डोक्यातही आला नाही. डोक्यात होती फक्त कोयोटी.

जंगल एका शेतकऱ्याच्या मालकीचं होतं, आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर. नवरा मचाणाखाली बसला होता, पानांच्या छापाचे कपडे घालून. त्याचा चेहरा उतरला होता. एवढ्या वर्षांत त्याचा बाण असा चुकीचा कधी लागला नव्हता.

"पोटात लागलं की लगेच मागे जायचं नाही," तो म्हणाला. "ती आडवी पडते, तिला पडू द्यायचं. घाई केली तर पळत सुटते आणि मग सापडत नाही."

"ती?"

"मादी आहे."

आम्ही साडेबारापर्यंत थांबलो. चहा प्यायलो. पोळी त्याच्या घशाखाली उतरली नाही. मग निघालो. मी पुढे वाकून बघत, तो माझ्या दोन पावलं मागे धनुष्य घेऊन. मेपलची पानं सगळीकडे लाल पडलेली, त्यात रक्ताचा थेंब शोधायचा म्हणजे मलाही डोळे फोडून घ्यावे लागत होते. थेंब सापडला की तिथे मी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवायचे, म्हणजे मागे वळून पाहिलं की ती कोणत्या दिशेने गेली ते कळायचं. पहिल्या पन्नास पावलांत अकरा तुकडे ठेवले. मग रक्त कमी झालं. एकदा वीस मिनिटं काहीच नाही. मी गुडघ्यांवर रांगत होते, माझी पाठ गेली कामातून, आणि मी त्याला शिव्या देत होते. "हौस! म्हातारपणी हौस! क्रिकेट बघत बसला असतास तर काय बिघडलं असतं?"

"हळू बोल," तो म्हणाला.

एका फांदीवर, माझ्या मांडीच्या उंचीला, ओला डाग दिसला. हिरवट आणि घाण वासाचा. पोटातलं. मी नाक दाबून धरलं. पण तिथून पुढे माग सरळ होता, उतारावरून ओढ्याकडे.

ती ओढ्याच्या काठावर काटेरी जाळीत पडली होती. जंगली गुलाबाची जाळी, बोटभर काटे, आणि तिच्या मधोमध ती. मान वर होती. कान आमच्याकडे वळले. ती मेलेली असेल असं मी चार तास स्वतःला सांगत आले होते. ती जिवंत होती.

नवऱ्याने मला हाताने मागे थांबवलं. त्याच्याकडे तीन बाण उरले होते. त्याने धनुष्य ताणलं, श्वास धरला आणि बाण सोडला. बाण एका काटकीला लागून वर उडाला. ती उठायला गेली. पुढचे पाय टेकले, मागचे उठलेच नाहीत, आणि ती तोंडावर पडली. आणि ओरडली. हरीण ओरडतं हे मला माहीत नव्हतं. शेळीच्या पिलासारखं ओरडतं. दुसरा बाण तिच्या शेजारी मातीत गेला.

त्याने धनुष्य खाली केलं. "इथून होणार नाही," तो म्हणाला. "पलीकडून जाळी उघडी आहे. मी ओढ्यातून वळसा घालून जातो. एकच बाण आहे, तो चुकवून चालणार नाही. तू इथेच उभी राहा. हलू नकोस. दहा-पंधरा मिनिटं."

"ती ओरडतेय रे."

"मला ऐकू येतंय," तो म्हणाला आणि गेला. दहा पावलांवर त्याचे कपडे पानांत मिसळले आणि तो मला दिसेनासा झाला.

आता मी आणि ती. मध्ये सहा-सात फूट काटे. तिने माझ्याकडे बघितलं आणि परत ओरडली. मग थांबली, श्वास घेतला, परत. मी कानांवर हात ठेवले. मग काढले, कारण कान झाकून उभं राहणं मला जास्त नीच वाटलं. मी मोठ्याने म्हणाले, "थांब ग बाई, येतोय तो, येतोय." मराठीत. हरिणीला. किती वेळ गेला माहीत नाही. पाच मिनिटं असतील. तिच्या तोंडातून फेस यायला लागला आणि ती स्वतःचं पोट चावायचा प्रयत्न करू लागली.

मी पिशवी उघडली.

मला सगळं माहीत होतं, हे इथे लिहून ठेवते. नंतर मी स्वतःला सांगून पाहिलं की मी भान हरपले होते. नव्हते. सेफ्टी काढली, दोन्ही हातांनी धरलं, रेंजवर शिकवलं होतं तसं. इंटरव्ह्यू डोक्यात आला होता. नियमांचं पुस्तकही आलं होतं. मी म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे. जाळीच्या काठाशी वाकले आणि तिच्या मानेवर गोळी झाडली.

आवाज केवढा झाला! ओढ्यावरचे सगळे पक्षी उडाले. ती गप्प झाली. आणि पलीकडच्या काठावरून, अगदी समोरून, माझ्या नवऱ्याचा आवाज आला. तो शब्द नव्हता, नुसती किंकाळी.

तो उभा राहिला तेव्हा मला दिसला. माझ्या गोळीच्या रेषेपासून चार पावलं डावीकडे. पानांच्या कपड्यांत, मांडीपर्यंत भिजलेला. धनुष्याच्या सीझनमध्ये नारिंगी जॅकेट घालायची सक्ती नसते. का नसते? कारण त्या दिवसांत जंगलात कुणी गोळी झाडणार नाही, असं सगळे धरून चालतात. मी ज्याला मूर्खपणा म्हणाले होते, त्या नियमाच्या भरवशावर माझा नवरा तिथे बसला होता.

तो ओढा तुडवत आला. मला वाटलं आता थोबाडीत मारणार. त्याने माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं, सेफ्टी लावली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुला लागलं नाही ना?"

तेवढ्यात शेताच्या कच्च्या रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. दार आपटलं.

तो क्षणभर ऐकत राहिला. मग पिस्तूल स्वतःच्या पट्ट्यात खोचलं. "ऐक. गोळी मी झाडली."

"अरे काय बोलतोस?"

"परमिट माझं आहे. मी झाडली तर एकच गुन्हा, हरणाचा. तू झाडलीस तर दोन, आणि लपवून नेल्याचा फार जड आहे. तुला देशातून हाकलूनसुद्धा देतील. कळतंय का?"

"आणि तुझा इंटरव्ह्यू?"

"तू तोंड उघडायचं नाही," तो म्हणाला. सव्वीस वर्षांच्या संसारात तो माझ्याशी असं एकदाही बोलला नव्हता.

शिकारीचे नियम बघणारा ऑफिसर होता तो. तरुण, लालसर दाढीचा, अतिशय सभ्य. लांबूनच म्हणाला, गोळीचा आवाज ऐकला, सगळे ठीक आहेत ना? नवऱ्याने हात वर धरले आणि आधी सांगितलं की कमरेला पिस्तूल आहे, परमिट पाकिटात आहे. मग म्हणाला, "मी हरणावर झाडली. ती फार त्रासात होती. नियम मला माहीत आहे, सर. माझी चूक आहे."

ऑफिसरने पिस्तूल काढून घेतलं. जाळीपाशी वाकून बघितलं. मातीतला बाण बघितला. मग खाली पडलेली गोळीची रिकामी पुंगळी उचलली. ती माझ्या बुटापाशी होती. माझे बूट कोरडे होते. त्याने माझ्या नवऱ्याच्या भिजलेल्या पँटकडे बघितलं, पलीकडच्या काठाकडे बघितलं, तिथे धनुष्य तसंच पडलं होतं. पाची बोटं एकत्र करून त्याने दाढी कुरवाळली.

"तुम्ही कुठून झाडली, सर?"

"इथून."

ऑफिसर माझ्याकडे वळला. "मॅम, असंच झालं का?"

माझी चिडकी, तोंडाळ जीभ. दुकानदार असो, डॉक्टर असो, मुख्याध्यापिका असो, कुणाला सोडलं नाही मी. सगळ्यांना खरं ते तोंडावर सुनावते म्हणून मिरवत आले. नवरा माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

"येस," मी म्हणाले.

ऑफिसरने आणखी दोन क्षण वाट पाहिली. मग त्याने वही काढली.

हरीण ते घेऊन गेले, पिस्तूलही. नवरा कोर्टात गेला, गुन्हा कबूल केला, दंड भरला, शिकारीचा परवाना गेला. आमच्या इमिग्रेशनच्या वकीलबाई म्हणाल्या, खटला ताजा आहे, यांचा इंटरव्ह्यू आत्ता नको, अर्ज मागे घ्या, काही वर्षं स्वच्छ जाऊ द्या, मग नव्याने. तुमचं मात्र काही अडत नाही. त्याने तिथेच, त्यांच्या टेबलावर, सही केली. एकोणीस वर्षं. मी म्हटलं, मीही जात नाही. तर चिडला. "मग मी हे कशासाठी केलं?"

म्हणून मी इंटरव्ह्यूला गेले. बाहेर बर्फ पडत होता. गाडी त्याने चालवली. आत एका प्रौढ बाईंनी मला उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घ्यायला लावली आणि फॉर्मवरचे प्रश्न एकेक करून विचारले. पत्ता. नोकरी. कर. मग त्याच आवाजात: तुम्ही कधी असा गुन्हा केला आहे का, ज्याबद्दल तुम्हाला अटक झाली नाही?

मी "नो" म्हणाले. आवाज कापला नाही. त्यांनी खूण केली आणि पान उलटलं.

बाहेर तो माझा कोट मांडीवर घेऊन बसला होता. मी मान हलवताच उठला आणि त्याने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. हे त्याने आमच्या लग्नातसुद्धा केलं नव्हतं. खूश होता तो. मनापासून खूश होता, हेच मला सहन होईना.

गाडीत बसल्यावर मी सांगितलं, "तो प्रश्न विचारला. मी नो म्हटलं."

"बरोबर केलंस. मीही तेच सांगितलं असतं."

"नाही रे. तू खोटं बोललास ते माझ्यासाठी. आणि मी दोनदा बोलले, ते दोन्ही वेळा माझ्यासाठीच."

तो काचेवरचा बर्फ पुसायला खाली उतरला आणि बराच वेळ पुसत राहिला.

शपथविधीला तो पाहुण्यांच्या रांगेत बसला होता, नवा शर्ट घालून. माझं नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला त्याने कोपराने ढोसून सांगितलं, "ती माझी बायको." मला ते स्टेजपर्यंत ऐकू आलं. त्याच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. मी त्या बाजूला बघितलं नाही.